डिझाइनच्या मुलांना कामाचा तुकडा देऊ नका, छोटं का होईना, अख्खं काम द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये तुमचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी आणि एक मुलगा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे आलेत. दोघांचे पोर्टफोलिओ छान आहेत. पण खरं काम हातात दिलं की मुलगी गप्प होते, तीन-तीन दिवस काही दाखवत नाही, आणि मुलाला करेक्शन सांगितलं की तो हिरमुसतो. शेवटी रात्री बसून फाइल तुम्हीच पूर्ण करता. यांना शिकवायचं की यांच्याकडून काम करून घ्यायचं, आणि मानधन द्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात पॅकेजिंग आणि प्रकाशनांची कामं करते. दरवर्षी एक-दोन विद्यार्थी माझ्याकडे असतात, आणि तुम्ही लिहिलेलं चित्र मी बऱ्याचदा पाहिलंय. मुलांच्या हातात कला आहे हे तुम्हीच म्हणता, तेव्हा वृत्तीला दोष द्यायची घाई करू नका. माझ्या मते गाडं अडतंय ते कामाची वाटणी होते तिथे. "हा फोटो कट कर", "लोगोचे तीन ऑप्शन बनव", "हे कॅटलॉगचं पान लाव" अशी कामं आपण देतो. काम कुठून आलं हे त्या मुलाला माहीत नसतं आणि ते पुढे कुठे जाणार हेही दिसत नाही. मध्येच उचलून दिलेला तुकडा तो करतो, आणि तुकडा बरा की वाईट हे ठरवायला त्याच्याकडे तुमच्या चेहऱ्याशिवाय काहीच नसतं.

कॉलेजात त्याला याचीच सवय लागलेली असते. तिथे प्रश्न तयार मिळतो. कुठली कॅम्पेन, किती पोस्टर, कुठला आकार, कुठली तारीख, सगळं ठरलेलं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, पारखलं जातं ते काम, पण मार्क पडतात विद्यार्थ्याला. त्यामुळे काम पूर्ण चकाचक झाल्याशिवाय दाखवायचं नाही आणि कोणी बोट ठेवलं तर ते आपल्यावरच ठेवलं असं समजायचं, या दोन्ही सवयी चार वर्षांत अंगवळणी पडतात. तुमची मुलगी आणि तुमचा मुलगा, दोघं एकाच सवयीची दोन टोकं आहेत.

यात कॉलेजांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वर्गात कल्पना मोकळी सोडायला वेळ मिळतो, तो पुढे आयुष्यात फारसा मिळत नाही. पण व्यवसायात उतरण्याचा पूल आपल्या क्षेत्रात कोणी बांधून दिलेला नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी आहे, आणि बी.आर्क.च्या अभ्यासक्रमातच कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचा टप्पा आहे. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शेवटी ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट असतो, तो बहुतेक वेळा एखाद्या संस्थेसाठी केलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांचे छोटे स्टुडिओ येतात. तिथे जे शिकायला मिळेल तेच त्यांचं प्रशिक्षण. म्हणून "शिकवू की काम करून घेऊ" या प्रश्नावर माझं उत्तर असं, की अख्खं काम करून घेणं हेच शिकवणं आहे. छोटं असू दे, एकरंगी असू दे, पण क्लायंटच्या पहिल्या फोनपासून छापील प्रत हातात येईपर्यंत ते एकाच मुलाच्या हातात राहू दे.

हे सगळीकडे सारखं जमत नाही, तेही सांगते. तुमच्याकडे फक्त ॲप आणि वेबसाइटची कामं असतील तर छापील प्रतीच्या जागी खरा वापरणारा माणूस येईल, आणि "शेवट" वेगळ्या ठिकाणी असेल. मोठ्या एजन्सीत नव्या मुलाला अख्खं काम देणं अवघड असतं. तिथे निदान एका कामाच्या सगळ्या मीटिंगना मागे बसू द्यावं. आणि तुमच्याकडे दिवसातून अर्धा तास शांतपणे द्यायला नसेल, तर दोन मुलं घेऊ नका, एकच घ्या.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण "अख्खं काम" म्हणजे काय हे त्यातून कळेल.

साताऱ्याकडची एक मुलगी माझ्याकडे होती. हात अतिशय चांगला, बोलणं जवळजवळ नाहीच. घरगुती मसाले विकणाऱ्या एका बाईंचं पाकीट तिला दिलं. तिने केलेलं पहिलं डिझाइन देखणं होतं: गडद लाल जमीन, त्यावर सोनेरी बारीक अक्षरं, मागे पाककृती, कोपऱ्यात बारकोड, तोही लालसर रंगात, सगळ्याशी जुळावा म्हणून. ज्युरीत त्याला उत्तम मार्क पडले असते. मी त्यावर काहीच बोलले नाही. त्याचा मूळ आकाराचा प्रिंट काढायला लावला, आणि ती जिथे छपाई होणार होती त्या कारखान्यात एकटी गेली, सोबत प्रश्नांची यादी घेऊन. यादी आम्ही दोघींनी मिळून केली होती: पाकीट कशावर छापतात, बंद कुठे होतं, कुठल्या जागी काही छापायचं नाही, तारीख कोण आणि कधी टाकतं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्या प्रिंटच्या मागच्या बाजूला मशीन चालवणाऱ्या काकांनी पेनने काढलेली आकृती होती. पाउच रोटोग्राव्हरवर छापायचा, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागणार. सिलिंडर एकदा कोरला की एक वेलांटी बदलायलाही पैसे मोजावे लागतात. पाठीमागची उभी सील नेमकी पाककृतीच्या मधोमध येत होती. कडेला आय मार्क हवा होता, तो छोटा गडद चौकोन पाहून मशीनला कुठे कापायचं ते कळतं, आणि त्याच्या पट्ट्यात दुसरं काहीही चालत नाही. बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी पाकीट भरताना शाईच्या फवाऱ्याने टाकतात. काळी शाई गडद लाल जमिनीवर दिसणारच नव्हती, तिला कोरी फिकट जागा हवी. सोनेरी बारीक अक्षरं छापताना शाईने भरून जाणार होती. आणि बारकोड वाचणाऱ्या बऱ्याच स्कॅनरचा प्रकाशच लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्या जागेसारख्याच दिसतात. दुकानात ते पाकीट वाचलंच गेलं नसतं.

हे सगळं मी तिला पंधरा मिनिटांत सांगू शकले असते. पण मग ती सात करेक्शनं ठरली असती, सात वेळा खट्टू व्हायला. काकांकडून आलं तेव्हा ती माहिती होती. "मॅडम, मागची सगळी मांडणी बदलायला हवी," असं तीच म्हणाली, आणि स्वतःहून इतकं सलग बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. मग मी तिला कायद्याने पाकिटावर लागणाऱ्या गोष्टींकडे वळवलं: निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. मजकूर क्लायंटने द्यायचा, पण तो आला नाही तर मागायचा कोणी? ज्याच्या हातात काम आहे त्याने. तिने बाईंना फोन केला. आधी काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं, तेही चाललं.

नंतर बाईंनी नेहमीचं वाक्य ऐकवलं: "नाव जरा मोठं करा." इथे नवी मुलं दोनच गोष्टी करतात, निमूटपणे मोठं करतात किंवा मनात चिडतात. मी तिला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाठवलं. दुकानदाराला विचारून इतर मसाल्यांच्या रांगेत आमचं डमी पाकीट ठेवायचं आणि गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथून फोटो काढायचा. फोटोत दिसलं की नावाचा आकार पुरेसा होता. पण वर गडद आणि खाली गडद, त्यामुळे नाव जमिनीत बुडत होतं. तिने वरचा पट्टा फिकट केला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बाईंना दाखवले. बाईंनी मोठेपणाचा विषय परत काढला नाही. "मोठं करा"मागे बहुधा "दिसत नाही" ही तक्रार असते, हे शंभर वेळा सांगून जे कळलं नसतं ते त्या रांगेसमोर उभं राहून कळलं.

आता तुमच्या रोजच्या अडचणीकडे येते.

तीन दिवस काही न दाखवणाऱ्या मुलीला "अधूनमधून दाखवत जा" असं सांगून उपयोग नाही. दाखवण्याची वेळ कामाच्या सुरुवातीलाच, आणि इतकी लवकर ठरवा की दाखवण्यासारखं चकाचक काही असूच शकणार नाही. माझ्याकडे नियम आहे: कॉम्प्युटर सुरू करण्याआधी पेन्सिलचे चार-पाच रफ, त्याच दिवशी दुपारी, माझ्या टेबलावर. रफ बघताना "छान" किंवा "नाही आवडलं" हे शब्द मी वापरत नाही. हे कोण वाचणार, किती अंतरावरून, हातात घेऊन की भिंतीवर, आणि वाचून त्याने काय करायचं, एवढंच विचारते. मुलगी उत्तर देते, आणि पाचातले दोन-तीन रफ तीच बाजूला काढते. दुसरी वेळ फाइल पक्की करण्याआधी, प्रिंटवर. स्क्रीनवर बोलायला बसू नका. मूळ आकारात प्रिंट काढा आणि दोघं एका बाजूने बसा. समोरासमोर बसलं की ते पुन्हा ज्युरीसारखं होतं.

आणि माउस हातात घेऊ नका. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "थांब, मी दाखवतो" म्हणून आपण दोन मिनिटांत पान नीट लावून टाकतो. आपल्याला बरं वाटतं, कामही होतं, पण त्या क्षणी ते पान आपलं झालेलं असतं. उद्या त्या पानात काही चुकलं तर मूल तुमच्याकडे बघणार, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही रात्री बसून फाइल पूर्ण करता, त्यात हेच होतंय. पेन्सिलने प्रिंटवर खूण करा, प्रश्न लिहा, आणि बाजूला व्हा. वेळ जास्त लागेल, म्हणून अशी कामं पहिल्या दोन महिन्यांत घाईच्या क्लायंटची देऊ नका.

हिरमुसणाऱ्या मुलाबद्दल आणखी एक. करेक्शन कोणाकडून आलंय ते प्रत्येक वेळी वेगळं सांगा. "क्लायंट म्हणतात", "प्रेसवाले म्हणतात", "मला वाटतं" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं वजनही वेगळं आहे. प्रेसने ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर जादा छपाई, मागितलं तर त्यात वाद नाही. क्लायंटने रंग बदला म्हटलं तर कारण विचारता येतं. मला वाटतं म्हणून सांगितलेलं मूल खोडूनही काढू शकतं, आणि त्याने नीट कारण देऊन खोडलं तर मी ते मान्य करते. हे एकदा त्याच्या लक्षात आलं की सगळी करेक्शनं एकाच वजनाने अंगावर येत नाहीत.

मराठी मजकुराच्या कामात तर मुलांना बरंच नव्याने शिकवावं लागतं, कारण पोर्टफोलिओत बहुतेक काम इंग्रजीत असतं. क्लायंटचा मजकूर अजूनही कधी कधी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये येतो. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हलतात, म्हणून मूळ छापील प्रतीशी ओळन्‌ओळ ताडून पाहायचं. इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय निवडली नाही तर पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. मराठी वळणाचे ल आणि श राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत दिलेले आहेत. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी केली की ते आपोआप येतात, तरी मुलं हिंदी वळण तसंच ठेवून देतात. मूल ते रोज वाचत आलेलं असतं, पण पाहिलेलं नसतं. अक्षरकार र. कृ. जोशी उल्का या जाहिरातसंस्थेत काम करून पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले, आणि विंडोजवरचा मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातून आला, हे मी प्रत्येकाला सांगते. धंद्यातलं काम आणि अक्षराची साधना एकाच माणसात असू शकते, हे त्यांना माहीत असायला हवं. आणि चोरीचा फॉन्ट क्लायंटच्या कामात वापरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कोणालाही मोफत वापरता येतात, तेव्हा सबब उरत नाही.

इथवरचं थोडक्यात: छोटं पण अख्खं काम, लवकर दाखवण्याची ठरलेली वेळ, प्रिंटवर चर्चा, माउस मुलाच्या हातात, आणि करेक्शन कोणाचं ते स्पष्ट.

आता पैशांचं. अख्ख्या कामात कोटेशन आणि बिलही येतं, आणि आपण नेमकं तेच मुलांपासून लपवतो. तुमचं कोटेशन त्यांना दाखवा. डिझाइनची फी किती, त्यात किती फेऱ्या करेक्शन, छपाई वेगळी का, ॲडव्हान्स किती, १८ टक्के जीएसटी कुठे लागतो. काम सुरू करताना मुलाने अंदाजे तास जॉब शीटवर लिहावेत, संपल्यावर खरे तास त्याच्या शेजारी. माझ्याकडे बहुतेकांचा पहिला अंदाज अर्ध्याने कमी निघतो. पुढे तो फ्रीलान्स काम घेईल तेव्हा पोटाला चिमटा बसू नये म्हणून हे आत्ता कळलेलं बरं. तो स्वतःचा धंदा काढणार असेल तर उद्यम नोंदणीबद्दल सांगा. २००६ च्या कायद्याने नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजासह. कायदा माहीत असला तरी वसुलीचा फोन करावाच लागतो. तो कसा करायचा हे तुमच्या शेजारी बसून ऐकू द्या.

हक्कांचंही एका कागदावर लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. नोकरीबाहेर केलेल्या कामाचा हक्क द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. सहा महिन्यांचा विद्यार्थी यात कुठे बसतो यावर नंतर वाद नको. काम स्टुडिओचं, पण बाजारात आल्यावर ते पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी त्याला, आणि दाखवताना "यातलं माझं काम एवढं" हे स्पष्ट लिहायचं. नोकरीच्या मुलाखतीत मी स्वतः सगळ्यात आधी हेच विचारते.

मानधन द्या. माझ्या मते यात दुसरा विचार नाही. बाहेरगावच्या मुलाला कॉट बेसिसवर राहायचं असतं, मेसचा डबा असतो, येण्याजाण्याचा खर्च असतो. फुकट काम मागितलं की ज्यांचं घर त्याच शहरात आहे किंवा ज्यांच्या घरून पैसे येतात तेवढीच मुलं तुमच्याकडे येऊ शकतात, आणि उरलेल्या हुशार मुलांना तुम्ही कधी पाहतही नाही. रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. एवढं मानधन परवडत नसेल तर मुलांची संख्या किंवा दिवस कमी करा. आठवड्यातले तीन दिवस पैसे देऊन बोलावणं हे सहा दिवस फुकट बसवण्यापेक्षा चांगलं.

तुमच्या शहराकडे पाहून एक सुचवते. नाशिकमध्ये द्राक्षं आणि मनुक्यांच्या खोक्यांची कामं निघतात. कोरुगेटेड (नालीदार) पुठ्ठ्यावर फ्लेक्सोने, म्हणजे लवचिक प्लेटच्या छपाईने, एक-दोन रंगांत छापलेलं खोकं हे पहिल्या अख्ख्या कामासाठी फार चांगलं. त्यावर बारीक रेघ टिकत नाही, फोटो चालत नाही, सगळी भिस्त अक्षरावर आणि मोकळ्या जागेवर. त्या मुलाला असं एक खोकं द्या आणि पहिल्याच दिवशी खोक्यांच्या कारखान्यात पाठवा. मुलीला पुढच्या क्लायंट मीटिंगमध्ये सोबत न्या, मीटिंगची टिपणं तिच्याकडून मराठीत लिहून घ्या आणि ती तिच्याच नावाने क्लायंटला पाठवू द्या. त्यानंतर क्लायंटचा पहिला फोन तिलाच येईल, तेव्हा तो तुम्ही उचलू नका.